दुर्बिणीतली वाकडी फुली

सरांच्या उजव्या डोळ्याबद्दल सांगायचं तर मला आधी पाच दुर्बिणींबद्दल सांगावं लागेल, आणि त्या पाच दुर्बिणींतलं मला आजही धड अर्धंसुद्धा कळलेलं नाही. दुर्बीण म्हणजे बंदुकीवर बसवायची. तिच्यातून पाहिलं की काचेवर एक फुली दिसते, ती फुली सावजावर धरायची आणि चाप ओढायचा. ऐकायला सोपं आहे. पण त्या फुलीचे किती प्रकार असतात हे मला त्या वर्षी कळलं, आणि तेव्हापासून मी जी गोंधळले ती गोंधळलेलीच आहे. सरांचा उजवा डोळा आता जवळजवळ गेलाय. त्यात माझा दोष किती, हे मला ठरवता येत नाही. कधी वाटतं सगळाच माझा, कधी वाटतं अख्ख्या वाडीचा. सांगून बघते.

सर आमच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत खडूने रेघ मारायचे, पट्टी न लावता, चालत चालत, आणि ती रेघ अशी निघायची की गणिताचे मास्तर पुढच्या तासाला ती पुसायचे नाहीत, तिच्याखालीच गणितं लिहायचे. 'हात घाबरला की रेघ घाबरते,' असं सर म्हणायचे. पट्टीवर त्यांचा राग होता. पट्टी कडेने झिजते आणि मग सगळ्या वर्गाला एकच खोटं शिकवते, असं त्यांचं मत. त्यांच्या खिशात कायम पांढऱ्या दोऱ्याचं छोटं रीळ असायचं. शंका आली की दोरा काढायचा, दोन बोटांत ताणायचा आणि रेघेवर धरायचा. 'ताणलेला दोरा खोटं बोलत नाही,' हे वाक्य आम्ही वर्षातून शंभरदा तरी ऐकलं असेल.

आठवीत मी वहीला समास आखला होता. सर म्हणाले, "वाकडा आहे." मी म्हटलं, "सर, सरळ आहे." मला तो खरोखर सरळ दिसत होता. मी जरा तोंडाळ होते, पुन्हा एकदा म्हटलं, सरळच आहे. सर चिडले नाहीत. त्यांनी दोरा काढला, माझ्या वहीवर ताणून धरला आणि मला वाकून बघायला सांगितलं. समास मधोमध पोट काढून बसला होता. सगळा वर्ग हसला. मी घरी जाऊन रडले वगैरे नाही, पण एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली की रेघेच्या बाबतीत आपल्याला दिसतं ते खरं नसतं, सरांना दिसतं ते खरं असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

निवृत्तीनंतर सर वाडीत राहायला आले आणि त्यांचा सरळपणा सगळ्यांच्या घरात शिरला. कुणाच्याही पडवीत गेले की बसण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचे. एकदा खेडला येताना एसटीत ड्रायव्हरच्या डोक्यावरचा गणपतीचा फोटो तिरका होता, तर सरांनी वळणाच्या अलीकडे गाडी थांबवायला लावून तो सरळ करून घेतला. ड्रायव्हर त्यांचाच विद्यार्थी होता म्हणून निभावलं. माझे आजोबा गेले तेव्हा सर भेटायला आले, हात जोडले, डोळे पुसले आणि जाता जाता फोटोचा हार दोन्ही बाजूंनी सारखा करून गेले. माझी आई म्हणाली, "ह्या मानसाला सरगात पाठवलान तरी आधी दारवाजा सरल हाय काय बगील."

अशा माणसाकडे बंदूक कशी, असं कुणीही विचारेल. ती त्यांच्या वडिलांची. वडील जुन्या काळात शिकारी म्हणून पंचक्रोशीत माहीत होते. ते गेल्यावर रायफल आणि परवाना सरांच्या नावावर झाला. सरांनी आयुष्यात त्या रायफलीने एक पाखरू मारलं नव्हतं. दिवाळीच्या आधी ती काढायची, तेल लावायचं आणि पुन्हा ठेवायची. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानेवाल्यांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. सर ती आपल्या बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून एसटीने आणायचे, आणि हवालदाराने पावती लिहिली की पावतीच्या मागे रायफलीचं चित्र काढून खाली त्याची सही घ्यायचे. नंबर कुणीही चुकवू शकतो, चित्र चुकत नाही, म्हणे. हवालदार सुरुवातीला वैतागायचा. नंतर नंतर तो स्वतःच पेन्सिल तासून ठेवू लागला.

त्या वर्षी मात्र बंदुकीचं खरंच काम निघालं. आमच्या वाडीत आता भात लावणारी सातच घरं उरलीत, आणि मागच्या दोन वर्षांत रानडुकरांनी निम्मं भात लोळवलं होतं. वैशाखात शेजारचे तात्या सरांच्या खळ्यात येऊन बसले आणि म्हणाले, "मास्तर, औंदा पन डुकरान भात खाल्लान ना, तं मी नांगर खाली ठेवनार. पोरगा कदीपासना मुंबैला बोलावताय." तात्यांनी सोडलं की बाकीचे सहा सोडणार हे सगळ्यांना माहीत होतं. वाडीत परवाना असलेला माणूस एकच. वनखात्याकडे डुक्कर मारायच्या परवानगीचा अर्ज करायचं ठरलं, आणि तो अर्ज भरायला सर माझ्या दुकानात आले.

माझं दुकान खेडच्या एसटी स्टँडजवळ आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, रेल्वेचं तिकीट, आणि ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी ऑनलाइन वस्तू मागवून देणं, परत पाठवणं. परत पाठवायच्या खोक्याला मी टेप लावते आणि वरून दोराही बांधते, सवयच आहे. सर पहिल्या एसटीने यायचे, आल्या आल्या माझा दरांचा पाटीवजा पुठ्ठा सरळ करायचे आणि मग बसायचे.

अर्ज भरून झाल्यावर म्हणाले, "बाय, मी मारीन, पण एकाच गोळीत मारीन. जखमी डुक्कर करवंदीच्या जाळीत शिरलं की चार दिवस तडफडतं, नाहीतर गवताला आलेल्या बाईच्या अंगावर येतं. मला ते चालणार नाही. मला दुर्बीण हवी."

"मागवूया की," मी म्हटलं. मला वाटलं दुर्बीण म्हणजे दुर्बीण.

तिथून सुरू झालं. सरांनी माझ्या कॉम्प्युटरवर त्याचे व्हिडिओ बघितले. एक गोरा जाडा गृहस्थ सांगायचा की फुली बारीकच हवी. दुसरा टोपीवाला सांगायचा की बारीक फुली घेणारा मूर्ख. सर वहीत टिपणं काढायचे, आणि जितकं कळायचं तितकं ठरेनासं व्हायचं. त्यांनी प्रत्येक फुलीचं चित्र काढून आपल्या पडवीत एका रांगेत लावलं आणि त्यांना आपली नावं दिली. पहिली साधी, केसाएवढ्या दोन रेघांची. ती अचूक, पण संधिप्रकाशात काळ्या डुकरावर दिसेनाशी होते. दुसरी जाड कडांची, म्हणजे चारी बाजूंनी रेघ जाड आणि मधोमध बारीक, नजर आपोआप मध्ये जाते. तिसरी ठिपक्यांची, रेघेवर सारख्या अंतरावर ठिपके, त्यावरून सावज किती लांब आहे याचं गणित करायचं. चौथीत उभ्या रेघेवर खाली खाली आडव्या रेघा, तिला सर सुरूचं झाड म्हणायचे. लांबच्या सावजासाठी खालची फांदी धरायची. आणि पाचवीत मध्ये लाल दिवा.

"सर, पण आपलं शेत त्या दगडी गडग्यापर्यंत चाळीस पावलं," मी म्हटलं. "पुढे रानच आहे. एवढी झाडं आणि ठिपके कशाला?"

"तेच तर," सर म्हणाले. "चाळीस पावलांना साधी पुरते. पण अंधुक उजेडाला साधी पुरत नाही. अंधुक उजेडाला दिव्याची बरी. पण दिव्याने डोळा दिपतो. मग राहिली जाड कडांची. पण जाड रेघेखाली डुकराचं पिल्लू झाकलं तर?"

मी मान हलवली. मला पिल्लूही दिसत नव्हतं आणि रेघही.

मिरगाच्या सुमारास पहिली दुर्बीण आली, साधी. सरांनी दुकानातच खोकं उघडलं, डावा डोळा मिटला, उजवा लावला आणि समोरच्या एसटी कँटीनच्या पाटीवर धरली. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वाकडी आहे."

"काय?"

"फुली. आडवी रेघ मध्ये खाली गेलीय. बघ."

मी बघितलं. रेघ सरळ होती. मला ती अगदी सरळ, स्वच्छ दिसली, हे मी आज शपथेवर सांगू शकते. पण सर माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला आठवीचा समास आठवला. तोही मला सरळच दिसला होता. मी पुन्हा बघितलं. एवढं बघितलं की मला कळेनाच सरळ म्हणजे नक्की काय ते.

"हो सर," मी म्हटलं. "किंचित आहे."

एवढंच. याहून जास्त मी काही केलेलं नाही. परत पाठवायच्या फॉर्मवर कारण लिहिलं, खोक्याला टेप लावली, वरून दोरा बांधला आणि दुर्बीण परत गेली.

दुसरी आली, जाड कडांची. तीही मध्ये वाकडी. तिसरीतला तर मधला ठिपकाच गायब, सर म्हणाले, आणि शेजारचे दोन फाटलेले. मला सगळे ठिपके दिसत होते. एक, दोन, तीन करत मी मोजलेसुद्धा. पण तोवर मी दोनदा 'हो सर' म्हटलं होतं, आता तिसऱ्यांदा 'नाही' कशी म्हणणार? आधीच्या दोन होकारांचं काय करायचं? कंपनीच्या माणसाचा फोन आला. म्हणाला, "मॅडम, वो लाइन काच पे खुदी हुई होती है, टेढी हो ही नहीं सकती. फोटो भेजिए." मी दुर्बिणीला मोबाइल लावून फोटो काढला. फोटोत रेघ सरळ आली. मी फोटोकडे बघितलं, दुर्बिणीतून बघितलं, सरांकडे बघितलं. मग मनाशी म्हटलं, हल्लीचे मोबाइल माणसाचे सुद्धा डाग पुसतात, रेघ सरळ करणं त्यांना काय अवघड? ही अक्कल मला कुठून सुचली देव जाणे.

चौथीतलं सुरूचं झाड वाऱ्याने वाकल्यासारखं दिसतं, असं सर म्हणाले. ही दुर्बीण गणपतीच्या दिवसांत आली, त्यामुळे ती वाडीतच उघडली गेली. मुंबईहून सगळे आलेले, सरांच्या पडवीत वीस-पंचवीस माणसं, आणि सगळेच कधी ना कधी सरांच्या वर्गात बसलेले. दुर्बीण हातोहात फिरली. प्रत्येक जण एक डोळा मिटून गडग्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "होय मास्तर, वाकडी हाय." एक म्हणाला वर वाकलीय. दुसरा म्हणाला खाली. तात्या म्हणाले, "उजवीकडं गेलीय वाटताय." तिघांना तीन वाकड्या दिसल्या आणि कुणालाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. सर खूश झाले. "बघ, मी म्हणत होतो ना," म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

शेवटी दुर्बीण काकींच्या हातात आली. काकी म्हणजे सरांच्या सौभाग्यवती. त्या मोदकाच्या पिठाचे हात पदराला पुसत बाहेर आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "मना तं सरल दिसताय वो."

"तुला तांदळातला खडा दिसत नाही," सर म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. काकी आत निघून गेल्या. आज विचार करताना मला कळतं की तिथे एवढी माणसं होती, पण सरांच्या वर्गात कधीही न बसलेलं माणूस तेवढं एकच होतं.

भात पसवायला, म्हणजे लोंब्या धरायला आलं आणि वाडीचा धीर सुटला. डुकरांच्या पायाचे ठसे बांधावर दिसू लागले होते. वनखात्याची परवानगी आली होती, तिची मुदत चालू होती, रायफल तयार होती, आणि सर फुलीपाशी अडलेले. शेवटी सगळ्यांनी ठरवलं की देवाला कौल लावायचा. आमच्याकडे काहीही अडलं की ग्रामदेवतेला विचारतात. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सर वही घेऊन गेले आणि गुरवाला पाचही फुल्या समजावून सांगू लागले.

गुरवाने निमूटपणे तिसरीपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "मास्तर, देवाला हो नायतर नाय इचारायचा. पाचातला कनचा, असा पेपर देवाला देत नायत."

"मग दोनच विचार. जाड कडांची की दिव्याची?"

"एकच इचारतो. मास्तरांनी हितून फुडं मारायचा काय, नाय?"

डावी पाकळी पडली. सर पुढे झाले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "ही सरळ पडलेली नाही. घसरलीय. पुन्हा लाव." गुरवाने हात जोडले आणि पुन्हा लावायला नकार दिला. देवाने थांबायला का सांगितलं, यावर परतताना दहा मतं झाली. तात्यांना वाटलं अमावास्येनंतर मार म्हणतोय. माझी आई म्हणाली, डुक्कर देवाचं वाहन असेल. सर म्हणाले, पाकळी ओली होती. दोन दिवसांत डुकरांनी तात्यांचा खालचा कोपरा लोळवला, आणि सरांनी कौल बाजूला ठेवून पाचवी दुर्बीण रायफलीवर चढवून घेतली, ती लाल दिव्याची. "दिवा कुंकवासारखा पसरतो," ते मला म्हणाले, "पण निदान दिसतो तरी. फुलीचा नाद सोडला, आता दिव्यावर धरीन." ते दमले होते. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी वाकडी वस्तू घरात ठेवून घेतली होती.

त्याच आठवड्यात खेडला एका मंडळाने मोफत नेत्रतपासणी ठेवली होती. मला चष्म्याचा नंबर काढायचा होता म्हणून दुपारी दुकान बंद करून गेले. रांगेत उभी असताना एक मुलगी प्रत्येकाच्या हातात एक कार्ड देत होती. कार्डावर आलेख कागदासारखे चौकोन आणि मध्ये एक ठिपका.

"एक डोळा झाका," ती म्हणाली. "ठिपक्याकडे बघा. रेघा सरळ दिसतात?"

"हो."

"वाकड्या दिसल्या किंवा मधला भाग गायब वाटला तर सांगा. म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज असते. दोन्ही डोळे उघडे असले की कळत नाही, म्हणून एक झाकायचा."

मी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा. तिला वाटलं मला ऐकू येत नाही. मी विचारलं, "मग काय करायचं?" ती म्हणाली, "त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. उशीर केला तर परत येत नाही."

मी नंबर न काढताच कार्ड घेऊन निघाले. रिक्षा करून वाडीत पोचले तेव्हा दिवस कलला होता. काकी म्हणाल्या, सर माळ्यावर गेलेत. शेताच्या कडेला चार बांबूंवर माळा बांधला होता, त्यावर सर रायफल मांडीवर घेऊन बसले होते. मी खालून हाक मारली तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. डुकरांची यायची वेळ. मी तशीच वर चढले.

"सर, बंदूक खाली ठेवा आणि हे बघा."

"हे काय? आलेख कागद?"

"डावा डोळा मिटा."

त्यांनी मिटला. कार्ड डोळ्यासमोर धरलं, लांब नेलं, पुन्हा जवळ आणलं. "कुणी छापलंय हे? मधले चौकोन सगळे आत ओढलेत. ठिपका तर नाहीच."

चार महिने जे म्हणायला हवं होतं ते मी तेव्हा म्हटलं.

"नाही सर. रेघ सरळ आहे."

सर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं ते खिशातून दोरा काढतील. त्यांनी काढला नाही. त्यांनी हळूच उजवा डोळा मिटून डावा उघडला आणि कार्डाकडे बघितलं. मग उलट केलं. मग पुन्हा. असं त्यांनी चार-पाचदा केलं, आणि दर वेळी त्यांचा चेहरा थोडा थोडा उतरत गेला. हुशार माणूस होता, मला पुढचं काही सांगावं लागलं नाही. त्यांनी नजर उचलून शेतापलीकडे बघितलं. गडग्याच्या वर, ज्या बाजूला गोळी जायची त्या बाजूला, तात्यांची सून आणि आणखी एक बाई गवताचा भारा बांधत होत्या. दोन्ही डोळ्यांनी त्या स्वच्छ दिसत होत्या.

"बाय," सर म्हणाले, "मी आत्ता मघाशी तिथे काहीतरी काळं हलताना बघितलं होतं."

त्यांनी रायफल रिकामी केली. त्यात एक काडतूस खाली चिखलात पडलं, ते मी उतरून शोधून आणलं. त्या संध्याकाळी डुकरं आली की नाही ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि काकी त्यांना रत्नागिरीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी मशिनवर डोळा तपासला आणि विचारलं, "किती दिवस झाले?"

"चार महिने," सर म्हणाले. "पण मला वाटलं काच वाईट आहे."

"चार महिन्यांपूर्वी आला असतात तर बरंच वाचलं असतं." डॉक्टर हे बोलताना माझ्याकडे बघत होते, त्यांना मी मुलगी वाटले असणार. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागली, दर महिन्याला एक. सूज उतरली, पण मधला भाग काही परत आला नाही. आता उजव्या डोळ्याने सरांना माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. डावा शाबूत आहे, त्याच्यासाठी दर रविवारी ते तेच कार्ड बघतात.

भाताचं म्हणाल तर वाडीने पाळ्या लावल्या. पत्र्याचे डबे, फटाके, आरडाओरडा. दोन शेतं गेली, पाच वाचली. तात्यांनी यंदा पुन्हा लावणी केली, शिव्या देत देत, पण केली. सरांनी रायफल कायमची जमा केली आणि परवानाही परत दिला. शेवटच्या पावतीमागे चित्र काढताना हवालदाराने पेन्सिल हातात दिली, असं ऐकलं. मी तेव्हा सोबत जायला हवं होतं, पण सरांच्या समोर बसण्याचं मला तेव्हा धैर्य नव्हतं.

मग थंडीत एका सकाळी सर पहिल्या एसटीने दुकानात आले. पुठ्ठा सरळ केला. बसले. मी चहा मागवला. अर्धा कप संपवून ते म्हणाले, "बाय, एक खरं सांग. पहिल्या दिवशी, ती साधी फुली. तुला ती सरळ दिसली होती?"

"हो सर."

"बाकीच्या?"

"सगळ्या."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं माझीच नजर चुकत असेल. आठवीतल्यासारखी."

सरांनी कप खाली ठेवला. ते रागावले असते तर फार बरं झालं असतं. वर्गात शंका विचारणाऱ्या मुलासारखं त्यांनी मला विचारलं, "पण आठवीत मी तुला दोरा लावून दाखवला होता. नुसतं वाकडं आहे म्हणालो नव्हतो. तू मला का नाही लावलास? दारात एक दोरा ताणायचा आणि म्हणायचं, सर, दुर्बिणीतून हा बघा. तोही मला वाकडा दिसला असता. मग मला कळलं असतं, कारण ताणलेला..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. साडेनऊच्या गाडीची घोषणा झाली तसे ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

खोकी बांधायचं माझं दोऱ्याचं रीळ टेबलावरच होतं, चहाच्या कपाशेजारी. चारही दुर्बिणी मी त्याच दोऱ्याने बांधून परत पाठवल्या होत्या. ते रीळ अजून निम्म्याहून जास्त शिल्लक आहे.